आढ्याखालची फट

सुनेनं पत्र्याचा तुकडा ताटांच्या मधोमध ठेवला तेव्हा आत्या म्हणाली, "हे काय, आज जेवायला जस्त का?"

कुणी हसलं नाही. एरवी आत्याच्या विनोदाला निदान आई तरी तोंडदेखलं हसायची, पण आज आईचं लक्ष सुनेच्या हातांकडे होतं. सुनेच्या नखांत पांढरी पूड अडकली होती, आणि हात न धुता जेवणाच्या टेबलाशी येणाऱ्यांतली ती नव्हती. पोहण्याच्या तलावावरून निघून ती सरळ जिना चढून वर आली होती. खाली कारखान्यात पत्र्याला घडी घालायचं यंत्र अजून गरम होतं, जेवणाच्या सुट्टीसाठी नुकतंच बंद केलेलं.

"अहो, उलटा करा तो," ती नवऱ्याला म्हणाली.

थोरल्यानं तुकडा आधी होता तसाच पाहिला. वरची बाजू सुरेख होती. एकोणीस वर्षं ऊन-पाऊस खाऊन जस्ताला जो निळसर राखाडी रंग चढतो, तो अगदी एकसारखा चढला होता. असा रंग दाखवूनच या घरानं तीन पिढ्या गिऱ्हाइकं मिळवली होती. मग त्यानं तुकडा उलटा केला. खाली भिजलेल्या मिठासारखा पांढरा थर होता. त्यावर त्यानं अंगठा टेकवला, जोर असा लावलाच नाही, तरी अंगठा आरपार गेला.

"पोहण्याच्या तलावाच्या छपराचा?" त्यानं विचारलं.

"हो. कात्री लागली नाही. हातानं फाडलाय. खालच्या फळ्यांचा तर भुगा झालाय."

"गळत होतं, तर आपल्याला कुणी कळवलं का नाही?" आई म्हणाली.

"गळत नव्हतं, आई. एक थेंब आत आलेला नाही. पाणी खालून आलंय. तलावाची वाफ वर चढते आणि पत्र्याखाली कोंडते. खालून हवा खेळती राहिली की जस्त शंभर वर्षं टिकतं, कोंडलं की त्याचं असं पीठ होतं. म्हणूनच नकाशात आढ्याखाली बोटभर फट ठेवलेली आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी आज शिडी लावून आढ्याखाली हात घातला, तर फट नाही. कथलानं झाळून बंद केलेली आहे."

सुनेनं बाबांकडे पाहायचं टाळलं. या घरात अकरा वर्षं ती नकाशे काढत होती, आणि शिडीवर उभी असताना तिला आधी काय वाटलं होतं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. फटीवर कथील वितळवून भरलेली झाळ तिनं बोटानं चाचपली होती. दोऱ्याइतकी बारीक रेघ, कुठे गोळा नाही, कुठे खंड नाही. क्षणभर तिला नुसतं कौतुक वाटलं. अशी झाळ मारणारा हात गावात एकच आहे हे मग ध्यानात आलं, आणि तिनं बोट काढून घेतलं.

"फटीत पाखरं जातात," बाबा म्हणाले.

"पाखरांसाठी जाळी असते, बाबा."

"वाऱ्याबरोबर पाऊसही जातो. पहिल्या फटवाल्या छपराला गेला होता. मालकानं मला चार माणसांत बोलावून दाखवलं. वर बघा म्हणाला, जस्तवाल्यांचं छप्पर गळतं." बाबांनी पाण्याचं भांडं उचललं आणि न पिता खाली ठेवलं. "गळतं! माझ्या बापाचं छप्पर कधी गळलं नाही."

"नकाशे काढणाऱ्यांचं काय जातं? खुर्चीत बसून काढतात," आई म्हणाली, आणि समोर बसलेली सून नकाशेच काढते हे आठवून तिनं वाढायला घेतलं.

"बाळ," आत्या म्हणाली. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे होते, पण थोरल्या बहिणीला ते बाळच होते. "असं अजून कुठे केलंयस?"

"कुठे नाही. तेवढं एकच."

आत्यानं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. लहानपणी खोटं बोलताना बाबा डावा कान खाजवायचे. आता त्यांचे दोन्ही हात टेबलावर होते, पण घट्ट दाबून ठेवलेले.

थोरल्यानं मान खाली घातली आणि घास तोंडात घातला.

एक नव्हतं. अकरा होती. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. वास्तुरचनाकार काम पाहून सही करून गेले, की दुसऱ्या दिवशी बाबा म्हणायचे, चल, शेगडी घे. झाळायची सळई तापवायची ती छोटी शेगडी तो वर घेऊन जायचा आणि बाबा आढ्यावर ओणवे होऊन फट बुजवायचे. "लोकांना काय, नकाशा पाहिजे. छपराला शहाणपण पाहिजे," असं म्हणायचे, आणि त्यालाही ते पटायचं. पुढे काही वर्षांनी फट कशासाठी असते हे तो वाचून शिकला, त्यानंतरच्या सगळ्या छपरांना ठेवायलाही लागला. जुन्या अकरांबद्दल मात्र बोलला नाही. कोरड्या इमारती आहेत, काही होणार नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं. एकदा सांगून झालं की विषय मिटतो, तसा तो त्याच्यापुरता मिटला होता.

आता तो एकेक छप्पर डोळ्यांसमोर आणत होता. वाचनालय कोरडं. टपालकचेरी कोरडी. दवाखान्याचं धुलाईघर.

धुलाईघरात दिवसभर कढत पाण्याची भांडी आणि इस्त्रीची यंत्रं चालतात. तिथली वाफ तलावाच्या दसपट. आणि आज सकाळी नऊ वाजता त्यानंच धाकट्या भावाला सांगितलं होतं, धुलाईघराची पन्हळ पाल्यानं तुंबलीय, जरा साफ करून ये, वर चढतोच आहेस तर पत्र्यांच्या शिवणीही बघून घे.

तेव्हाच बोलायला हवं होतं, त्या क्षणाला, घास टाकून. तो बोलला नाही. सगळं घर बसलं होतं, बाबा बसले होते, आणि "एकच" असं बाबा नुकतेच म्हणाले होते. आईनं विचारलं, अजून वाढू का, तर तो हो म्हणाला. पानात पडलेलं त्यानं जेवढं लवकर संपवता येईल तेवढं संपवलं, सावकाश उठला, हात धुतला, आणि जिन्यात जाऊन फोन लावला.

फोन वाजत राहिला. धाकटा छपरावर चढताना फोन गाडीतच ठेवायचा. दोन वर्षांपूर्वी एक फोन उतारावरून घसरत खालच्या हौदात गेला होता, तेव्हापासून.

"कुणाला लावताय?" मागून सून म्हणाली.

"कुणाला नाही."

"अहो, तुमचा चेहरा पांढरा पडलाय. भाऊजींना लावताय ना? का?"

तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला.

"धुलाईघराचंही?" तिनं विचारलं. तिला उत्तराची गरज उरली नव्हती. "आणि भाऊजी आज तिथेच गेलेत. तुम्हीच पाठवलंत. आणि तुम्ही जेवत बसलात?"

शेवटचं वाक्य तिनं मोठ्यानं म्हटलं आणि ते वर सगळ्यांनी ऐकलं.

खुर्ची पडल्याचा आवाज आला. आई दारात आली. "कोण कुठे गेलंय? धाकटा कुठे गेलाय?" मग ती वळून बाबांसमोर जाऊन उभी राहिली. पंचेचाळीस वर्षं ती या माणसाच्या बाजूनं बोलत आली होती, अगदी आत्ता दहा मिनिटांपूर्वीपर्यंत. "एकच म्हणालात ना? माझ्याकडे बघून सांगा. एकच ना?"

बाबा उठले आणि खुंटीवरची टोपी शोधायला लागले. टोपी त्यांच्या हातातच होती.

*

कारखान्याच्या गाडीत पुढे तिघं मावत होते, म्हणून मागे पत्र्यांच्या गुंडाळ्यांमध्ये आई आणि आत्या बसल्या. आत्या अवजारांच्या पेटीवर बसली. वाटेत एका वळणावर गुंडाळी सरकली, तशी ती पायानं अडवत म्हणाली, "जस्ताच्या घरात जन्मले आणि जस्ताखालीच मरणार असं दिसतंय." आणि लगेच स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

आई काही ऐकत नव्हती. पूर्वी संध्याकाळी बाबा कामावरून यायचे, सदऱ्याला वितळलेल्या कथलाचा वास यायचा, आणि पायरीवर बसून बूट काढताना म्हणायचे, आज अजून एकाचं तोंड बंद केलं बघ. ती हसायची. कुणाचं तोंड, असं तिनं एकदाही विचारलं नव्हतं. तिला वाटायचं, कुण्या भांडकुदळ मालकाबद्दल बोलतायत. आता तिला त्या प्रत्येक संध्याकाळची भीती वाटत होती. अशा संध्याकाळी किती आल्या होत्या ते तिला आठवत नव्हतं.

"ताई, माझं पोर पडलं असेल का हो?" तिनं विचारलं.

आत्यानं आईचा हात हातात घेतला.

पुढच्या बाकावर सून फोनवर धुलाईघराच्या पर्यवेक्षिकेशी बोलत होती. "यंत्रं बंद करा. सगळ्या बायकांना अंगणात काढा. नाही, आग नाही लागलेली. वर माणूस आहे ना आमचा? आहे? उभा आहे? त्याला हाक मारू नका, दचकेल. आम्ही पोचतोच." मग तिनं अग्निशमन दलाला फोन केला. त्यांनी वीस-पंचवीस मिनिटं सांगितली. थोरला गाडी चालवत होता. मध्ये बाबा बसले होते.

*

धाकट्याला छपरावर एकटं असायला आवडायचं. पन्हळ साफ करून झाली होती. ऊन वर आलं होतं आणि पत्रे तापून टकटक वाजत होते. जस्त उन्हात वाढतं, सरकतं, त्याचा तो आवाज. त्या आवाजावरून छपराची तब्येत कळते असं त्याला वाटायचं. आज मात्र टकटक अर्ध्या छपरावरच होती. वरचा अर्धा भाग गप्प होता. का ते पाहायला तो उतारावर चढला होता.

मध्यावर आल्यावर पायाखाली मऊ लागलं.

त्यानं पाऊल मागे घेतलं. मागेही मऊच. पत्र्याला खळगा पडला आणि पाय उचलला तरी तो भरून आला नाही. खालून फळी कुरकुरली, मग तो आवाजही बंद झाला. छपरावर वाढलेल्या माणसाला पडायची भीती वाटत नाही असं लोक म्हणतात. धाकट्याला ती रोज वाटायची, सकाळी पहिल्या पायरीवर वाटायची आणि चौथ्या पायरीवर जायची. आज ती परत आली, आणि तिनं त्याला मानेपासून पोटरीपर्यंत धरलं. खाली छताचे तक्ते लावलेले आहेत, त्याच्याही खाली वीस फुटांवर इस्त्रीची लोखंडी यंत्रं आहेत, हे त्याला माहीत होतं.

तेवढ्यात फाटकातून कारखान्याची गाडी आली आणि तिच्यातून एकेक करून सगळं घराणं बाहेर पडलं. आईसुद्धा. आत्यासुद्धा. अंगणात धुलाईघराच्या पंधरा-वीस बायका आधीच माना वर करून उभ्या होत्या. बाबा सगळ्यांच्या पुढे आले.

"हलू नकोस!" बाबा ओरडले.

मागच्या हिवाळ्यापासून बाबा त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. शेवटचं बोलले ते कारखान्यातल्या सगळ्या कामगारांसमोर: तुझा पाय छपरावर ठरत नाही, तू खालीच बस. त्यानंतरचा हा पहिला शब्द. अशा वेळीही धाकट्याला राग आला.

"माझा पाय ठरतो छपरावर!" तो वरून ओरडला. "इतक्या लांब येऊन हेच सांगायचं होतं का? मी वर चढून आढ्यावरून पलीकडे उतरतो." आणि त्यानं पाऊल उचललं.

"वर नको! वर सगळ्यात जास्त सडलंय!"

"तुम्हाला काय माहीत?"

बाबांनी टोपी काढली. अंगणातल्या बायका आता त्यांच्याकडे पाहत होत्या. पर्यवेक्षिका पाहत होती. फाटकातला पहारेकरी पाहत होता. म्हाताऱ्यानं मान वर ठेवूनच सांगितलं, आणि आवाज अंगणाच्या टोकापर्यंत गेला.

"कारण मी सडवलंय. आढ्याखालची फट मी बंद केली. कुणाला न विचारता केली. खालच्या फळ्या गेल्यात. तुझा पाय चांगला आहे रे पोरा, छप्पर वाईट आहे. छप्पर माझं आहे."

धाकट्यानं उचललेलं पाऊल हळूच होतं तिथे टेकवलं.

"मग आता काय करू?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज त्यालाच लहान वाटला.

"फळ्या गेल्या तरी वासे जाड आहेत, ते धरतील," बाबा म्हणाले. "वासा आढ्यापासून वळचणीपर्यंत सरळ खाली येतो. एखाद्या वाशावर पालथा पडून खाली सरकत ये. आम्ही शिडी तिथे आणतो."

"वासा कुठाय ते कसं कळणार?"

हा प्रश्न बरोबर होता. वरून फक्त पत्रे दिसत होते आणि दीड-दीड फुटावर उभ्या शिवणी, दोन पत्र्यांच्या कडा उभ्या करून एकमेकींवर घडी घातलेल्या. पहिली शिवण टोकाच्या वाशापासून मोजून घेतली, की पुढे दर सहावी शिवण बरोबर वाशावर येते, ही या घरातली बाबांची पद्धत होती. मधल्या पाच कुठेही पडोत.

"धुराड्याकडून मोज," बाबा म्हणाले. त्यांनी खालून वळचणीवर दिसणारी शिवणींची टोकं बोट नाचवत मोजली. "सहा, बारा, अठरा. तुझ्या डाव्या हाताला तिसरी. ही. मी तिच्याखाली उभा आहे. इकडे ये." आणि ते खरोखरच त्या शिवणीखाली जाऊन उभे राहिले.

धाकट्यानं डावीकडे वजन टाकायला सुरुवात केली.

"थांब!" थोरला म्हणाला.

त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. त्याला एक सकाळ आठवली होती. गार सकाळ होती, जस्त गारठ्यात घडी घातली तर चिरतं म्हणून पत्रे शेकून घ्यावे लागत होते. धुराड्याकडच्या बाजूला उभं राहायला अजून परांची बांधलेली नव्हती.

"बाबा, ह्या छपराला आपण धुराड्याकडून सुरुवात केली नव्हती. तिकडे परांची नव्हती. त्या टोकाकडून केली होती."

"धुराड्याकडूनच केली. मी नेहमी धुराड्याकडून करतो."

"नेहमी करता. त्या दिवशी नाही केली."

"तुला कसं आठवतं?" धाकट्यानं वरून विचारलं. पायाखालचा खळगा वाढत होता. "दादा, तुला कसं आठवतं?"

"कारण इथल्या फळ्या मी ठोकल्यात." थोरला आधीच दुसऱ्या टोकाकडे धावत होता, बोट वर करून मोजत होता. सहा. बारा. अठरा. चोवीस. तो थांबला. तो उभा होता ती शिवण धाकट्याच्या उजव्या हाताला दुसरी होती. "आणि फट बुजवली तेव्हा शेगडी माझ्या हातात होती. मला माहीत होतं. इकडे ये."

मग अंगणात दोन माणसं दोन शिवणींखाली वर बघत उभी होती, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मध्ये वर तिसरा. आईनं डोळे मिटून घेतले. सुनेला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण काय सांगायचं ते तिलाही माहीत नव्हतं. नकाशात सुरुवात कुठून करायची हे लिहिलेलं नसतं.

"दोघांपैकी कुणाचं ऐकू?" धाकटा म्हणाला. तो कुणाला विचारत होता कोण जाणे.

बाबांनी वर पाहिलं. मग थोरल्याकडे पाहिलं. आयुष्यभरात त्यांचं मोजमाप कधी कुणी खोडलेलं नव्हतं, त्यांनी खोडू दिलं नव्हतं. त्यांचे ओठ हलले, जणू ते पुन्हा मनातल्या मनात मोजत होते. मग त्यांनी भिंतीला टेकवलेल्या शिडीचं एक टोक उचललं, पहारेकऱ्याला दुसरं उचलायची खूण केली, आणि ती फरफटत थोरल्यापाशी आणली. तिथे शिडी वळचणीला लावून त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

"ह्याचं ऐक," ते म्हणाले.

धाकटा पालथा पडला. उजवीकडे सरकताना पहिल्या शिवणीपलीकडे त्याचा डावा पाय ढोपरापर्यंत आत गेला. पत्रा फाटल्याचा आवाज झाला, खाली इमारतीत तक्ता पडल्याचा धडाका झाला, आणि अंगणातली एक बाई किंचाळली. त्यानं दोन्ही हातांनी पुढची शिवण धरली. शिवण वाकली. पण घडी सुटली नाही. पोटाखाली पहिल्यांदाच काहीतरी टणक लागलं, आणि त्यानं त्यावर छाती टेकवली, गाल टेकवला, तसाच पडून राहिला.

"लागला का वासा?" थोरल्यानं विचारलं.

धाकट्यानं पत्र्यावर मूठ आपटून पाहिली.

"लागला," वरून आवाज आला.

खाली यायला त्याला सात-आठ मिनिटं लागली असतील. त्याचा पाय शिडीच्या पायरीला टेकला तेव्हा आई रडायला लागली.

*

अग्निशमनवाले आले, वर पाहून गेले, फाटकाला दोरी बांधून गेले. धाकटा कपड्यांच्या एका उपड्या ढकलगाडीवर बसला होता. नडगी फाटली होती. सून तिच्यावर धुलाईघराचा स्वच्छ पंचा बांधत होती. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, एवढा मोठा बाप्या आणि तरी फिरवत होती, आणि तो फिरवू देत होता. बाबा शिडीपाशीच होते. ती सोडायची आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"दादा," धाकटा म्हणाला, "सकाळी मला इकडे पाठवलंस, तेव्हा तुला आठवलं नव्हतं?"

"नव्हतं. शपथेवर सांगतो."

"मग कधी आठवलं?"

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं पंच्याची गाठ मारून घेतली, पण मदतीला आली नाही.

"जेवताना."

"जेवताना," धाकटा म्हणाला. "आणि मग?"

"मग जिन्यात येऊन फोन केला."

"जेवण टाकून आलास?"

थोरला उत्तर देणार होता. खोटं तोंडाशी आलं होतं, छोटंसंच होतं, आणि या अंगणात ते कुणी पकडलं नसतं. "संपवून आलो," तो म्हणाला.

धाकटा भावाकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थोरल्याला राग परवडला असता. धाकटा आत्ता त्याला पहिल्यांदा घाबरला होता, हे थोरल्याला स्पष्ट दिसलं, आणि त्यानंतर त्याच्यानं भावाच्या डोळ्यांकडे बघवेना.

"अशी किती छपरं आहेत?" धाकट्यानं विचारलं.

"पाच-सहा असतील," शिडीजवळून बाबा म्हणाले.

"अकरा," थोरला म्हणाला. "हे आणि तलाव धरून. नऊ राहिली."

"ओली किती?"

"ओली म्हणजे..."

"वाफेची, दादा. जिथे खाली काहीतरी उकळतं अशी."

"तीन. चार. रंगकाम करणाऱ्यांची शेड धरली तर चार."

"फोन काढ," धाकटा म्हणाला. "इथेच लाव. मोठ्या आवाजावर ठेव, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल."

"घरी जाऊन सगळ्यांना नीट पत्र लिहू. असं फोनवर..."

"लाव."

बाबांनी शिडी सोडली आणि चालत ढकलगाडीपाशी आले. "पावाच्या कारखान्याला आधी लाव," ते म्हणाले. "त्यांच्या भट्ट्या दिवसभर चालतात."

थोरल्यानं नंबर शोधला. त्याचा अंगठा दोनदा चुकला. बाबांनी पुढे होऊन त्याचा हात खालून धरला. पलीकडे एका बाईनं उचललं. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"नमस्कार," थोरला म्हणाला. "मी जस्तवाल्यांकडून बोलतोय. तुमचं छप्पर आम्ही केलेलं आहे. त्याबद्दल एक सांगायचं होतं. म्हणजे सांगायचं बरंच आहे, पण आधी एक विचारायचंय."

"बोला ना," बाई म्हणाली. "छप्पर छान आहे हो तुमचं. एवढ्या वर्षांत एक थेंब नाही गळला."

बाबांनी डोळे मिटले.

"आत्ता वर कुणी आहे का?" थोरल्यानं विचारलं.

"वर? छपरावर?" बाई जरा थांबली. "धुराडं साफ करायला सकाळी दोघं चढले होते. मघापर्यंत त्यांच्या पावलांचा आवाज येत होता डोक्यावर. आता येत नाहीये. जेवायला उतरले असतील. थांबा हं, बघून सांगते."

तिनं फोन टेबलावर ठेवल्याचं ऐकू आलं. मग तिच्या चपला फरशीवरून लांब जायला लागल्या, एक दार उघडलं, आणि नंतर नुसती यंत्रांची घरघर येत राहिली.